तोंडाची दुर्गंधी: दोष पोटाचा की जिभेचा?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. विषय थोडा अवघड आहे, पण येथे टोपणनावाची सोय असल्यामुळे मोकळेपणाने लिहितो. आमच्या भाऊबंदकीतील एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सारे गाव जिभाऊ म्हणते, किराणा दुकान चालवतात. वय साठीच्या पुढचे, राहणी अत्यंत टापटिपीची; मात्र बोलताना त्यांच्या तोंडाला असा वास येतो की गिऱ्हाईक वजनकाट्यापासून एक पाऊल मागे सरकून हिशेब ऐकते. पोट साफ नसले की तोंडाला घाण येते, असा त्यांचा पक्का समज आहे. त्यामुळे रात्री चूर्ण, पहाटे कोमट पाणी आणि दिवसभर गालात लवंग, असा त्यांचा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गुण काही आलेला नाही. मूळ पोटात नसून तोंडातच असावे, असे माझे मत आहे, पण आधाराशिवाय त्यांच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. तेव्हा प्रश्न दोन आहेत. दुर्गंधीचे खरे कारण कोठे शोधावे? आणि घरातल्या वडील माणसाला ही गोष्ट सांगावी कशी?

सातपुड्याचा_वारा (शिरपूर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी डॉक्टर देतीलच. दुसऱ्याचे उत्तर ज्याला सापडेल, त्याचा जाहीर सत्कार करण्याचा खर्च मी उचलतो.

दाढ_आणि_दात (भुसावळ)

मी व्यवसायाने दंतवैद्य असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कायम टिकून राहणाऱ्या दुर्गंधीचे मूळ सुमारे ८० ते ९० टक्के रुग्णांत तोंडातच सापडते. अन्ननलिका सतत उघडी नसते; घास किंवा घोट उतरताना ती उघडते आणि एरवी मिटलेली असते. त्यामुळे ढेकर आणि उलटी सोडली, तर पोटातला वास दिवसभर श्वासावाटे बाहेर येत राहत नाही.

तोंडातील पहिली जागा म्हणजे जिभेचा मागचा भाग, जेथे ब्रश बहुधा पोहोचत नाही. तेथील पृष्ठभाग खडबडीत असतो. त्याच्या खाचांत अन्नाचे कण, तोंडाच्या अस्तरातून झडलेल्या पेशी आणि नाकामागून घशात उतरणारा कफ यांचा थर बसतो. हवेविना वाढणारे जीवाणू या थरातील प्रथिने कुजवतात आणि त्यांतून हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मरकॅप्टन यांसारखे गंधकाचे वायू सुटतात. नासलेल्या अंड्याचा जो वास, तोच हायड्रोजन सल्फाइडचा वास होय.

दुसरी जागा हिरड्यांची. निरोगी हिरडी आणि दात यांमधील खोबण एक ते तीन मिलिमीटर खोल असते. किटण साचून हिरडी सुजली आणि दातापासून सुटू लागली की ही खोबण पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जाते आणि मग तेथील घाण कोणत्याही ब्रशने निघत नाही. दात घासताना थुंकीत रक्त दिसणे ही हिरडीच्या आजाराची सर्वांत सोपी खूण आहे. दुर्दैवाने बहुतेक लोक रक्त दिसले की तेवढी जागा घासायचे सोडून देतात, आणि आजार नेमका तेथेच वाढतो. याखेरीज किडलेली दाढ, खालून सुटलेली जुनी कॅप, दोन दातांमध्ये रोज अडकणारा घास, ही कारणे आहेतच.

ओंजळीत फुंकून पाहण्याने काही नीट कळत नाही, कारण स्वतःच्या वासाला नाक सरावलेले असते. त्याऐवजी स्टीलचा चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच ओढावा, थोडे थांबावे आणि चमचा हुंगावा. चमच्यावर पिवळसर थर आला आणि त्याला वास असला, तर निदान निम्मे झाले. दाढांच्या फटीतून फिरवलेला दोरा हुंगला, तर उरलेले निम्मेही होते.

भरीत_पुरी (यावल)

डॉक्टर, हे सगळे मान्य केले तरी हिवाळ्यातील भरीत पार्टीचे काय करायचे? कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यांत ठेचलेली हिरवी मिरची आणि मूठभर लसूण, वरून कांद्याची पात, सोबत कळण्याची पुरी. दुसऱ्या दिवशी दोनदा दात घासून कार्यालयात गेलो, तरी शेजारच्या टेबलावरील सहकारी रात्रीचा बेत अचूक सांगतो.

दाढ_आणि_दात (भुसावळ)

तो वास तोंडातला नसतो, म्हणून घासून जात नाही. लसणातील गंधकयुक्त घटकांपासून तयार होणारे ॲलिल मिथाइल सल्फाइड आतड्यांतून रक्तात मिसळते आणि रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासावाटे बाहेर पडते. हे काही तास, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. दूध, कच्चे सफरचंद आणि पुदिन्याची पाने यांनी हा वास कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. जेवणाबरोबर अथवा लगेच नंतर घेतल्यास परिणाम अधिक होतो. मात्र हा वास तात्पुरता असतो आणि त्याला आजार म्हणता येत नाही. वर्षभर रोज येणारा वास भरताच्या माथी मारू नये.

केळीबाग (रावेर)

पार्टीला सगळ्यांनीच भरीत खावे. मग कोणाला कोणाचा वास येत नाही. आमच्याकडे हाच उपाय पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे.

पांझराकाठचा_वैद्य (धुळे)

दंतवैद्यताईंच्या विवेचनाशी मी बव्हंशी सहमत असलो, तरी पोटाला इतक्या सहज निर्दोष सोडण्यास माझी तयारी नाही. ज्यांना जुनाट आम्लपित्त आहे, रात्री घशाशी आंबट पाणी येते, त्यांच्या तोंडाची चव आणि वास दोन्ही बिघडलेले मी नित्य पाहतो. आयुर्वेदाने पचनाचा विचार केला तो काही उगाच नव्हे.

पण ज्या परंपरेचे नाव घेऊन लोक चूर्ण गिळतात, त्याच परंपरेने दिनचर्येत दंतधावनाबरोबर जिव्हानिर्लेखन, म्हणजे जीभ खरवडणे, रोजचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे आणि ते मात्र कोणी करत नाही. चूर्ण झोपण्यापूर्वी गिळले की काम संपते. जीभ रोज सकाळी स्वतः घासावी लागते. माझ्याकडे दुर्गंधीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी आ करायला लावतो, नाडी नंतर पाहतो. रोज रेचक घेण्याची सवय तर कोणत्याही शास्त्राला मान्य नाही, हे जिभाऊंच्या कानावर जरूर घालावे.

दाढ_आणि_दात (भुसावळ)

वैद्यबुवा, आंबट पाणी वर येणाऱ्या रुग्णांबाबत तुमचे म्हणणे रास्त आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. दुर्गंधी आली की लोक आधी पोटाची औषधे घेतात, मग एंडोस्कोपी करून येतात आणि सगळे अहवाल चांगले आल्यावर शेवटी माझ्याकडे पोहोचतात, तोपर्यंत दोन-तीन दात हलू लागलेले असतात. तोंडाची तपासणी आधी करावी, ती स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा तेथेच उत्तर मिळते.

मोठ्या_मायची_नात (पारोळा)

मशेरीबद्दल अजून कोणीच कसे लिहिले नाही, याचे नवल वाटते. आमच्या मोठ्या मायचा दिवस मशेरीशिवाय उजाडत नसे. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. त्या दिवशी साऱ्या घरात ठसका उठायचा. मग सकाळ, दुपार आणि रात्री जेवणानंतर तर्जनीने ती हिरड्यांवर घासत ओट्यावर निवांत बसायचे. दात स्वच्छ होतात, असे ती सांगायची. प्रत्यक्षात तिच्या हिरड्यांच्या कडेला कायमची काळी रेघ होती आणि जवळ घेतले की तंबाखू आणि आणखी कशाचा तरी मिसळलेला वास येई. दात एकेक करून पडले, पण हिरडीतून रक्त आल्याचे तिने कधी सांगितले नाही, म्हणून हिरड्या चांगल्याच असणार असे घरातल्यांना वाटत राहिले. हे कसे, ते डॉक्टरांनी सांगावे.

दाढ_आणि_दात (भुसावळ)

फार महत्त्वाचा मुद्दा काढलात. निकोटिनमुळे हिरडीतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आतून वाढत असला तरी रक्त कमी येते किंवा येतच नाही. धोक्याची जी खूण मी वर सांगितली, ती तंबाखू, मशेरी आणि विडी वापरणाऱ्यांत दडपली जाते. म्हणून अशा व्यक्तींनी रक्ताची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकत घेऊन मिसळणारे कमी नाहीत. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर कडक होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. तिखट लागले की आग होणे आणि पूर्वीसारखा आ न वासता येणे या तक्रारी दुर्गंधीपेक्षा कितीतरी गंभीर आहेत.

एसटी_सेवानिवृत्त (शहादा)

आमच्या काळी कडुनिंबाच्या अथवा बाभळीच्या काडीने दात घासत, तेव्हा या तक्रारी नव्हत्या. आता गोड पेस्ट आली आणि तोंडे बिघडली.

औषधवाला (चाळीसगाव)

काका, तक्रारी होत्या, पण त्या बोलून दाखवायची पद्धत नव्हती. दातण चावून त्याचा कुंचला नीट केला, तर ते वाईट नाही; पण दाढांच्या मागे ते पोहोचत नाही. राखुंडी आणि विटेची पूड यांनी तर दातांचे आवरण झिजते.

माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे माऊथवॉशविषयी दोन शब्द लिहितो. लिस्टरिन हे द्रावण १८७९ मध्ये जंतुनाशक म्हणून तयार झाले होते आणि १९२० च्या दशकातील अमेरिकन जाहिरातींनी ते तोंडाच्या वासावरचा उपाय म्हणून घरोघरी नेले. भीती आणि बाटली एकाच दुकानातून विकण्याची ही हातोटी तेव्हापासूनची आहे. गिऱ्हाईक बाटली मागते, मी देतो. पण घाण तशीच ठेवून वर माऊथवॉश वापरणे म्हणजे न झाडलेल्या अंगणात सडा घालण्यासारखे आहे. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचे द्रावण जीवाणूंवर खरोखर काम करते, परंतु ते लांबवर वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, म्हणून दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरतेच घ्यावे. पेस्टने दात घासल्यावर लगेच ते वापरू नये, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा, कारण पेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा प्रभाव कमी होतो. ही गोष्ट बाटली विकताना सांगितली जात नाही.

आणखी एक. सर्दी-ॲलर्जीच्या कित्येक गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे यांनी तोंड कोरडे पडते. लाळ ही तोंडाची निसर्गाने दिलेली धुलाई आहे; ती आटली की वास वाढतो. वास येतो म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी.

एसटी_सेवानिवृत्त (शहादा)

रक्तदाबाची गोळी मला चालू आहे आणि तोंड कोरडे पडते हे खरे आहे. मी ते उन्हाळ्याच्या खाती टाकत होतो.

केळीबाग (रावेर)

काका, उन्हाळाही कारण आहेच. मे महिन्यात आमच्या भागात पारा ४५ च्या पुढे जातो. बागेत पाणी भरणारा माणूस स्वतः पाणी प्यायचे विसरतो, चहावर चहा घेतो आणि रात्री गच्चीवर तोंड उघडे टाकून झोपतो. सकाळी त्याच्याशी बोलणाऱ्याची परीक्षाच असते. झोपेत लाळ तशीही कमी होते, त्यात तोंडाने श्वास घेतला की जीभ अगदी कोरडी पडते.

भरीत_पुरी (यावल)

उपवासाचेही तेच. नवरात्रात कडक उपवास करणाऱ्या आमच्या आत्याला नवव्या दिवशी वेगळाच वास येतो, आणि ती तर लसणाला शिवतसुद्धा नाही.

पांझराकाठचा_वैद्य (धुळे)

उपवासात चघळणे थांबते म्हणून लाळ कमी होते, शिवाय शरीर चरबी जाळू लागले की त्यातून निघणारे ॲसिटोन श्वासात येते. रोजे धरणाऱ्यांनाही हाच अनुभव असतो. उपवास सुटला की तो वास आपोआप जातो.

मात्र मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला फळासारखा गोडसर किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येऊ लागला आणि जोडीला उलट्या, धाप, गुंगी असेल, तर घरी काढे करत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडे निकामी होत असताना श्वासाला अमोनियाचा वास येऊ शकतो. असे रुग्ण थोडे असतात, पण त्यांना चुकवून चालत नाही.

मोठ्या_मायची_नात (पारोळा)

माझ्या भाच्याचे उदाहरण सांगते. चार वर्षांचे मूल, दात स्वच्छ, तरी जवळ आले की भयंकर वास. घरातल्यांनी जंत म्हणून औषध पाजले. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिले, तेव्हा एका नाकपुडीत वाटाणा निघाला. केवळ एकाच बाजूने घाण पाणी येत होते, हीच त्याची खूण होती, असे डॉक्टर म्हणाले.

सातपुड्याचा_वारा (शिरपूर)

मला अधूनमधून खोकताना घशातून पांढरे, तांदळाच्या कणीएवढे खडे निघतात आणि त्यांचा वास असह्य असतो. हे काय असावे?

दाढ_आणि_दात (भुसावळ)

टॉन्सिलच्या खाचांत साचून घट्ट झालेली घाण ती. धोकादायक नसते. कोमट मिठाच्या पाण्याने जेवणानंतर गुळण्या कराव्यात. पिन किंवा काडी घालून कोरू नये, टॉन्सिलला जखम होऊन रक्त येते. वारंवार त्रास होत असेल तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

परीक्षार्थी (नंदुरबार, सध्या पुणे)

माझा प्रश्न उलटा आहे. माझ्या तोंडाला वास येतो, याची मला खात्री आहे. अभ्यासिकेत कोणी नाकाला हात लावला की तो माझ्यामुळेच लावला असे वाटते. मी तोंडावर हात धरून बोलतो आणि खोलीतल्या मित्रांबरोबर जेवायला बसत नाही. दोन दंतवैद्यांनी तपासून काही नाही असे सांगितले, पण ते मला बरे वाटावे म्हणून सांगत असावेत.

दाढ_आणि_दात (भुसावळ)

दोन डॉक्टरांनी वेगवेगळे तपासून एकच सांगितले असेल, तर त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. आम्ही वासाला ० ते ५ अशी श्रेणी देतो; तुमची किती होती, ते त्यांना विचारा. नसलेल्या वासाची अशी खात्री वाटणे आणि त्यापायी माणसे टाळणे, हा प्रकार वैद्यकाला चांगला परिचित आहे आणि त्यावर उपचार आहेत; ते मानसोपचारतज्ज्ञ करतात. त्यात कमीपणा काही नाही. नाकाला हात लावणाऱ्याला बहुधा सर्दी झालेली असते. दरम्यान मित्रांबरोबर जेवायला बसावे, ही माझी विनंती.

भरीत_पुरी (यावल)

पुण्यात भरीत मिळत नसेल, तर कळवा. परीक्षा झाल्यावर यावलला या.

औषधवाला (चाळीसगाव)

बोरीकाठ यांचा दुसरा प्रश्न मागे पडला. माझ्या मते जिभाऊंना चारचौघांत, विशेषतः सुनांसमोर आणि नातवंडांसमोर, काही सांगू नये. मुकाट्याने पुढ्यात बडीशेपेची वाटी सरकवणे तर त्याहून वाईट, कारण माणसाला अपमान कळतो आणि कारण कळत नाही. वासाचा उच्चारही करू नका. दात हलतो का, थंड पाणी लागते का, रक्त येते का, एवढे विचारा आणि तपासणीला सोबत जा.

एसटी_सेवानिवृत्त (शहादा)

मी या मताशी सहमत नाही. आम्ही वयाने मोठे आहोत, दुधखुळे नाही. आडून बोललेले आम्हाला लगेच कळते आणि ते अधिक लागते. ज्याच्याशी त्यांचे जमते अशा एकाच माणसाने, दुकान बंद झाल्यावर, बाजूला बसून सरळ सांगावे: जिभाऊ, तोंडाला वास येतो, तुम्हाला स्वतःला तो कळत नसणार, उद्या दाखवून येऊ. इतके पुरे. सांगणाऱ्याने लगेच विषय बदलून कपाशीच्या भावावर यावे, म्हणजे ऐकणाऱ्यालाही सावरायला वेळ मिळतो.

सातपुड्याचा_वारा (शिरपूर)

सत्कार शहाद्याला करावा लागणार, असे दिसते.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. काकांनी सांगितले तसेच केले, फक्त कपाशीऐवजी तुरीच्या भावावर आलो. जिभाऊ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग, कोणत्या डॉक्टरकडे जायचे, एवढेच म्हणाले. खालच्या दाढांभोवती हिरड्या खोलवर सुटलेल्या निघाल्या आणि एका जुन्या कॅपखाली दाढ पूर्ण किडलेली होती. जिभेवरचा थर तर डॉक्टरांनी त्यांना आरशात दाखवला. आता अडचण अशी की हिरड्यांच्या आतून किटण काढायचे म्हटल्यावर जिभाऊ अडून बसले आहेत. दात साफ केले की ते हलायला लागतात, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे.

दाढ_आणि_दात (भुसावळ)

हा गैरसमज रोज ऐकते. सफाईने दात हलत नाहीत. हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झालेले असतात आणि किटणाच्या थराने ते एकमेकांना जखडलेले असतात. थर निघाला की सैलपणा जाणवतो, सूज उतरल्यामुळे फटी दिसतात आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. किटण तसेच ठेवले तर हाड आणखी झिजते आणि दात खात्रीने जातात. भुसावळ लांब पडत असेल, तर धुळ्यात दंतमहाविद्यालय आहे, तेथे खर्चही कमी येतो.

सफाईनंतर घरी करायचे ते एवढेच: फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा, प्रत्येकी दोन मिनिटे दात घासणे, ज्यांतील रात्रीचे घासणे अजिबात चुकवू नये, दाढांच्या मोठ्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश रोज एकदा फिरवणे, आणि जीभ. जीभ घासणी जितकी मागून ओढता येईल तितकी मागून, हलक्या हाताने पुढे ओढावी आणि प्रत्येक वेळी धुवावी. उमासा येतो तो जीभ पूर्ण बाहेर काढून नाकाने श्वास सोडत राहिल्यास कमी होतो. थर निघावा, जीभ सोलून निघू नये.

बोरीकाठ (अमळनेर)

आज सफाईची दुसरी बैठक झाली. किडलेली दाढ काढली. फरक इतका स्पष्ट आहे की दुकानातला पोऱ्या आता काट्याजवळ उभा राहून हिशेब करतो. जिभाऊंचे म्हणणे मात्र असे की चूर्णाचा गुण थोडा उशिरा लागला.

पांझराकाठचा_वैद्य (धुळे)

श्रेय चूर्णाला जाऊ द्या, पण रोजचे रेचक बंद करा.

मोठ्या_मायची_नात (पारोळा)

जाता जाता एक विचारते. माझ्या सासूबाईंना पूर्ण कवळी आहे, म्हणजे दात नाहीतच, तरी वास येतो. त्या रात्रीही कवळी काढत नाहीत.

दाढ_आणि_दात (भुसावळ)

कवळीवरही तसाच थर बसतो आणि रात्रभर ती तोंडात राहिली, तर खालच्या अस्तराला बुरशीचा संसर्ग होतो. झोपताना काढून, मऊ ब्रशने साध्या साबणाने घासून, गार पाण्यात बुडवून ठेवावी. उकळते पाणी वापरू नका, कवळीचा आकार बिघडतो. हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने रोज पुसाव्यात, आणि टाळूवर लालसर चट्टा दिसत असेल तर एकदा दाखवायला घेऊन या.